कासव न चढलेलं टेबल

ऑफिसात त्यांना सगळे तांदूळकाका म्हणत. आधी नाव पडलं होतं 'धुतले तांदूळ', पण हाक मारायला ते फार लांब. मग 'धुतले' गळालं आणि तांदूळ तेवढे राहिले. काकांना या नावाचा मुळीच राग नव्हता. उलट कुणी नवा माणूस "तांदूळ का हो?" असं विचारी, तेव्हा ते हातातलं काम बाजूला ठेवून खुर्ची वळवत आणि कासवाची गोष्ट सांगायला बसत.

ऑफिस एका वेबसाइटचं होतं. दातांच्या डॉक्टरांची वेळ ठरवून देणारी वेबसाइट. दाढ ठणकायला लागलेला माणूस एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने तिथे आपलं नाव लिही, तक्रार लिही, दवाखाना निवडी आणि वेळ मिळवी. हे सगळं ज्या सर्व्हरवर चाले, त्याचा प्रोग्राम चार-पाच जणांनी वाटून घेऊन लिहिला होता, आणि माणसं वाट्याच्या कामावरूनच ओळखली जात. तारखा सांभाळणारा तो कॅलेंडरवाला. दवाखान्याची चिठ्ठी छापणारा तो छपाईवाला. उद्या तुमची दाढ काढायची आहे, विसरू नका, असे निरोप पाठवणारी ती आठवणवाली. काकांच्या वाट्याला तक्रार होती. म्हणजे दुखणाऱ्या माणसाने लिहिलेला मजकूर घ्यायचा, चिठ्ठीवर मावेल एवढा कापायचा आणि पुढे द्यायचा.

"दुखायला लागलं की लोक फार पाल्हाळ लावतात," काका म्हणत. "मी त्यांना आटोपशीर करतो."

तर हा सर्व्हर मधूनच पडे. का पडे ते देव जाणे. सकाळच्या गर्दीत पडे, तसा दुपारी सगळं सामसूम असतानाही पडे. कधी दिवसातून दोनदा, तर कधी आठवडाभर गुण्यागोविंदाने चाले आणि आता सुधारला असं कुणी म्हटलं रे म्हटलं की लोळण घेई. त्याला उठवून उभा करणारा एक छोटा प्रोग्राम शेजारी ठेवलेला होता, तो लगेच त्याला उभा करी. पण त्या पडण्या-उठण्याच्या मध्ये जो कुणी गाल धरून बसलेला असे, त्याला पडद्यावर 'कृपया पुन्हा प्रयत्न करा' एवढंच दिसे. दुखऱ्या माणसाला पुन्हा प्रयत्न करायला सांगणं किती धोक्याचं असतं, ते फोन उचलणाऱ्या बाईंना विचारावं. त्यांनी हल्ली फोन कानापासून वीतभर लांब धरायला सुरुवात केली होती.

पडताना सर्व्हर एक जबानी मात्र देऊन जाई. मी अमक्याच्या कोडमधल्या अमक्या ओळीवर होतो आणि तिथेच माझा जीव गेला, अशी. काकांनी त्या जबानीवरून ऑफिसात एक प्रथा सुरू केली होती. ऑफिसच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, टेबलावर कागद दाबायला एक दगडी कासव होतं. जबानीत ज्याचं नाव येईल त्याच्या टेबलावर ते कासव जायचं आणि पुढचा बळी मिळेपर्यंत तिथेच बसायचं. कासव पोचवायला काका स्वतः जात. दोन्ही हातांनी, अलगद, चेहऱ्यावर हळहळ आणून. "होतं असं. होतं," म्हणत ते कासव ठेवत, त्याचं तोंड नीट त्या माणसाकडे वळवत आणि परत येताना बारीकसं गाणं गुणगुणत.

कासव कॅलेंडरवाल्याकडे जाऊन आलं होतं. छपाईवाल्याकडे तर इतकं राहिलं की त्याने त्याच्या पाठीवर पेन ठेवायला सुरुवात केली. एकदा ते खुद्द मॅडमकडेही परत गेलं, कारण जुन्या काळी त्यांनी लिहिलेल्या चार ओळी कुठेतरी शिल्लक होत्या. काकांच्या टेबलावर मात्र ते कधीच चढलं नव्हतं. म्हणून धुतले तांदूळ.

आता त्या टेबलाविषयी. ते होतं सगळ्यांसारखंच, पण काकांचा संसार मोठा. दोन जुने कीबोर्ड, 'कधीतरी लागतात' म्हणून ठेवलेल्या तारांचं भेंडोळं, छत्री, पाठीला लावायची उशी, डबा, डब्याची पिशवी, त्या पिशवीची जुनी पिशवी. हे सगळं एका टेबलावर मावणारं नव्हतं, आणि ते मावतही नव्हतं. शेजारचं टेबल आठवणवालीचं. ती नवीन आली त्याच्या आधीपासून छत्री तिथेच होती, त्यामुळे छत्रीला उठ म्हणण्यात काही अर्थ नव्हता. मग छत्रीच्या मागे उशी गेली, उशीमागे तारा गेल्या. आठवणवाली उरलेल्या जागेत कोपर अंगाशी घेऊन काम करी. काकांचं मत असं, की बिचारीला टेबल जरा लहानच मिळालंय.

आणि गेले काही आठवडे त्या लहान टेबलावर कासवाने ठाणच मांडलं होतं.

दर दोन पडण्यांतलं एक आता आठवणवालीच्या कोडमध्ये व्हायचं. ती शांत बाई होती, तिशी ओलांडलेली, बोलायला कमी. तिने आपला कोड ओळ न् ओळ तपासला, पुन्हा लिहिला, पुन्हा तपासला. कासव हललं नाही. तिची नेमणूक अजून तात्पुरती होती आणि शुक्रवारी तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, ते ठरायचं होतं. तिने आईला घेऊन ऑफिसजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. नोकरी गेली तर दोघींना पुन्हा भावाकडे जावं लागणार होतं, आणि भावाच्या घरी मागच्या वेळी त्यांचं कपाट आधी बाहेरच्या खोलीत, मग गॅलरीत आणि शेवटी जिन्यात गेलं होतं. हे तिने एकदा डबा खाताना फोनवाल्या बाईंना सांगितलं होतं. काका शेजारीच बसले होते. त्यांनी ऐकलं आणि खरोखर हळहळले.

गुरुवारी मॅडमनी काकांना खोलीत बोलावलं.

"काका, तुम्ही सगळ्यांत जुने. तुमच्याकडे एकही दोष नाही. उद्या मीटिंगमध्ये तुम्हीच सांगा, तिला ठेवायचं का. तुमचा शब्द शेवटचा."

"मुलगी चांगली आहे हो," काका म्हणाले.

"चांगली आहे ते मलाही दिसतंय. सर्व्हर पाडते त्याचं काय?"

काकांनी मान हलवली. अशी मान हलवण्यात ते वाकबगार होते. तिच्यातून हो निघत नसे आणि नाहीही निघत नसे. पण मनात त्यांचं ठरलं होतं. कोडसमोर दयामाया काय कामाची! जबानी ती जबानी.

त्या संध्याकाळी घरी बरणी फुटली.

काकांच्या घरात नेहमी काही ना काही फुटे, आणि नेहमी त्यांच्या बायकोच्या हातून फुटे. कप, बशा, एकदा चांगला काचेचा जग. काका त्याबद्दल कधी रागावत नसत. त्यांच्या स्वतःच्या हातून लग्नापासून आजवर कपाचा कानसुद्धा तुटला नव्हता, त्यामुळे मोठ्या मनाने माफ करणं त्यांना परवडे. आजही ते खुर्चीतूनच म्हणाले, "अगं, जरा जपून!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात बरणीचं झाकण होतं.

"ओट्यावर तुमचा रेडिओ कोणी आणून ठेवला?"

"मीच. दुरुस्तीला न्यायचाय."

"आणि रेडिओ ठेवायला बरणी कडेला कोणी सरकवली?"

"थोडी सरकवली असेल. पण पाडली नाही हं मी."

"नाहीच पाडलीत," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे काकांना जरा धास्तीच वाटली. "तुमच्या हातून कधी काही फुटतच नाही. तुम्ही फक्त ठेवता. मग दुसरं कुणीतरी हात लावतं आणि ते फुटतं. इतकी वर्षं मी स्वतःला धांदरट समजत आले, अहो!"

ती केर गोळा करायला आत गेली. काका उठले, रेडिओ उचलून आणला आणि मांडीवर घेऊन बसले. आपण आता काहीतरी म्हणायला हवं हे त्यांना कळत होतं. पण त्यांच्या डोक्यात एक भलतीच गोष्ट शिरली होती आणि ती बरणीची नव्हती.

सर्व्हरची मेमरी म्हणजे तरी काय? एक लांबच लांब ओटा. ज्याला काम असेल त्याने हवी तेवढी जागा मागून घ्यायची, आपलं सामान मांडायचं, काम झालं की जागा परत करायची. एखाद्याचं सामान आपल्या जागेबाहेर सांडलं, तर सांडणाऱ्याला काहीच होत नाही. तो मजेत आपलं काम उरकून निघून जातो. बिघडतं ते शेजाऱ्याचं. आणि तेही तेव्हाच्या तेव्हा नाही. शेजारी जेव्हा केव्हा आपल्या सामानाला हात घालील, तेव्हा तो कोसळतो, आणि जबानीत नाव त्याचं येतं. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. हाताखालच्या कित्येक पोरांना त्यांनी हे फळ्यावर चित्रं काढून शिकवलं होतं. पण शिकवलेल्या गोष्टी स्वतःला लागू करायची त्यांना सवय नव्हती.

आठवणवालीचा कोड दिवसभर सारखा जागा घ्यायचा आणि परत करायचा. हजारो लोकांना निरोप पाठवायचे म्हणजे तसं होणारच. मग जो कोणी सांडत असेल, त्याच्या शेजारी बहुतेक वेळा तीच सापडणार. आणि जो सांडतो, त्याच्याकडे कासव कधीच जाणार नाही.

काकांनी मनातल्या मनात सगळी टेबलं मोजून पाहिली. कासव न गेलेलं टेबल एकच होतं.

रात्री जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, बरणीचं मनाला लागलं. तिने जास्तीची पोळी वाढली आणि विषय सोडून दिला.

शुक्रवारी काका सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचले. चाचणीच्या यंत्रावर मेमरीवर पहारा ठेवणारा एक प्रोग्राम होता. ज्याच्या कोडवर पहारा बसवाल, त्याने आपल्या जागेबाहेर नखभर जरी बोट काढलं, तरी तो तिथल्या तिथे मनगट धरी. मागे याच पडापडीसाठी त्यांनी तो बसवला होता आणि काहीही सापडलं नव्हतं. का सापडलं नव्हतं, ते काकांना आता आठवलं. पहारा कुणाकुणावर हे त्यांनीच ठरवलं होतं. पहाऱ्याने यंत्र बैलगाडीसारखं चाले, म्हणून एकाला वगळायचं ठरलं, आणि काका म्हणाले होते, "तक्रारीच्या कोडवर कशाला? तिथे कधी कासव गेलंय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आठवणवालीनेसुद्धा.

त्यांनी स्वतःच्या कोडवर पहारा बसवला आणि गेल्या आठवड्यातल्या तक्रारी एकामागून एक आत सोडल्या. पुष्कळ तक्रारी सुखरूप गेल्या. काकांना जरा धीर आला. ते उठून पाणी पिऊन आले. मग एका बाईंची तक्रार आली. वरची दाढ की खालची ते सांगता येत नाही, सगळंच दुखतंय, सासूबाई म्हणतात थंड पाणी पिऊ नकोस, लवकर बघा. पहारेकऱ्याने मनगट धरलं.

मजकूर चिठ्ठीच्या जागेत बरोबर मावला होता. अगदी काठोकाठ. पण प्रत्येक मजकुरामागे 'इथे संपलं' अशी एक खूण ठेवावी लागते, आणि तिच्यासाठी काकांनी जागाच ठेवलेली नव्हती. लहान तक्रारीत खूण आत बसे. लांबलचक तक्रार ते एक अक्षर राखून कापत, तिथेही खूण बसे. फक्त नेमक्या मापाची तक्रार आली, की ती एकुलती खूण शेजाऱ्याच्या उंबऱ्याआत जाऊन पडे. इतकीशी गोष्ट! आणि अशी तक्रार कधी येणार, ते कुणाची दाढ कधी दुखणार यावर.

सुधारायला एक आकडा बदलणं पुरे होतं. काकांनी बोट कीबोर्डवर ठेवलंसुद्धा. ऑफिसात अजून कुणी नव्हतं. आकडा बदलला असता तर सर्व्हर पडायचा थांबला असता आणि कुणाला कळलंही नसतं. आणि आजच आठवणवालीला निरोप मिळाला असता, तर सगळे म्हणाले असते, ती गेली आणि सर्व्हर सुधारला. हा विचार आपल्याला नुसता सुचला एवढ्यानेच काकांना स्वतःची किळस आली. आणि खरं सांगायचं तर तो विचार त्यांना चांगला कपभर चहा पिऊन होईल एवढा वेळ पुरला. मग त्यांनी बोट काढून घेतलं.

मीटिंगला मॅडमनी फार प्रस्तावना केली नाही. आठवणवाली भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती. तिने पर्स मांडीवर घेतली होती, निघायच्या तयारीने.

"बोला काका."

"कासव माझं आहे," काका म्हणाले.

छपाईवाला हसला. पाठोपाठ कॅलेंडरवालाही हसला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मऊ झाला.

"काका, तुमचं मन मोठं आहे, माहितेय मला. पण असं पाठीशी घालून तिचंही भलं होणार नाही."

"अहो, पाठीशी घालत नाहीये! चूक माझ्या कोडमध्ये आहे."

"तुमच्या कोडमध्ये?" कॅलेंडरवाल्याने डोळे पुसले. "काका, राहू द्या ना. विनोद वेगळा आणि काम वेगळं."

आयुष्यभर जमवलेली अब्रू अशी आडवी येईल असं काकांना वाटलं नव्हतं. त्यांनी चाचणीचं यंत्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलं, पहारा काढला आणि त्या बाईंची तक्रार जशीच्या तशी टंकली. "आता बघा, सर्व्हर पडतो."

सर्व्हर पडला नाही. सगळे बघत राहिले. छपाईवाल्याने पेन फिरवलं. मग निरोप पाठवायची वेळ झाली, आठवणवालीचा कोड जागा झाला, त्याने आपल्या सामानाला हात घातला आणि सर्व्हर धाडकन पडला. पडद्यावर जबानी उमटली. मोठ्या अक्षरांत, आठवणवालीच्या नावाने.

"झालं ना समाधान?" मॅडम म्हणाल्या.

आठवणवालीने पर्सचा बंद घट्ट धरला. काका तिला वाचवायला उठले आणि सगळ्यांसमोर तिच्याच नावाचा डंका वाजवून बसले होते.

"थांबा," ते म्हणाले. एरवी ते कधी ओरडत नसत. "ही मेलेल्याची जबानी आहे. मेलेला कुठे पडला एवढंच ती सांगते. ढकललं कुणी ते नाही सांगत! मी पहारा लावतो. माझ्यावर. मागच्या वेळी मीच माझ्यावर लावला नव्हता."

या शेवटच्या वाक्याने मात्र हसू थांबलं. मॅडम पुढे सरकून बसल्या. काकांनी पहारा बसवला, तीच तक्रार पुन्हा टंकली, आणि या वेळी सर्व्हर निरोपांपर्यंत पोचलाच नाही. शेवटचं अक्षर घेताक्षणीच थांबला. पडद्यावर काकांच्या फाइलचं नाव आलं, ओळ आली. ते नाव ऑफिसात कुणी पडद्यावर लाल अक्षरांत कधी पाहिलं नव्हतं.

फोनवाल्या बाई दारात उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी इतके दिवस शिव्या खाल्ल्या त्या तुमच्या?"

"हो," काका म्हणाले. "सगळ्यांनी खाल्ल्या. हिने जास्त." मग ते आठवणवालीकडे वळले. "चुकलं माझं. तुझ्या टेबलावर कासव ठेवताना मी गाणं म्हणायचो. तेही चुकलं."

"ऐकू यायचं," आठवणवाली म्हणाली.

मॅडमनी तिला तिथेच कायम केलं, आणि कासवाची प्रथा बंद असं जाहीर केलं. काकांना काय शिक्षा द्यावी ते त्यांना सुचेना. इतक्या स्वच्छ माणसाला शिक्षा करायची कुणाला सवयच नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "आजपासून पहारा सगळ्यांवर. आधी तुमच्यावर." आणि मीटिंग संपली.

प्रथा बंद झाली खरी, पण काका सरळ आठवणवालीच्या टेबलाशी गेले. त्यांनी कासव दोन्ही हातांनी उचललं आणि ते स्वतःच्या टेबलावर ठेवायला वळले. एकदा तरी ते तिथे बसायला हवं होतं. पण ठेवणार कुठे? कीबोर्ड, डबा, पिशवी, पिशवीची पिशवी. जागा नव्हती. सवयीने त्यांचे हात पुन्हा डावीकडे, शेजारच्या टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्याकडे गेले.

"काका," आठवणवाली म्हणाली. "आधी माझ्या टेबलावरचं तुमचं उचला."

काकांनी कासव खुर्चीवर ठेवलं. छत्री उचलली, उशी उचलली, तारांचं भेंडोळं उचललं. खाली धूळ न बसलेले चौकोन निघत गेले. सगळं काढून झालं तेव्हा आठवणवालीने फडक्याने टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं आणि पहिल्यांदाच दोन्ही कोपर त्यावर टेकवले. काका सामान कवटाळून उभे होते. ते कधी तिच्या टेबलाकडे बघत, कधी आपल्या.

दोन्ही टेबलं सारखीच होती.